वॉर्डात मुलगा येरझाऱ्या घालतोय, गोळी बंद करायला सांगू का?

ताई, मुलगा 16 वर्षांचा, ॲडमिट आहे आणि रिस्पेरिडोन ही मानसिक आजारावरची गोळी वाढवल्यापासून एका जागी बसत नाही म्हणून गोळी थांबवायला सांगू का, असं विचारलंयत. परस्पर थांबवू नका हो, एकदम तोडली की आजार परत उसळू शकतो. पण गप्पही बसू नका, कारण तुम्ही लिहिलंय ते मला अकॅथिशियासारखं वाटतंय, म्हणजे गोळीमुळेच येणारी बेचैनी.

लांबून ती आजारातल्या बेचैनीसारखीच दिसते, म्हणून जवळ बसून बघा. पाय सारखे हलतात का, उभा असताना या पायावरून त्या पायावर करतो का, डोस वाढल्यावरच सुरू झालं का. आणि त्यालाच विचारा. माझ्या मुलीच्या वेळी सगळ्यांना वाटलं ही चिडलीये, शांत करायला अजून एक डोस द्यायचं चाललेलं, तेवढ्यात ती म्हणाली, "मला राग नाही आलाय, मला बसवतच नाहीये." मग डॉक्टरांनी उलट डोस कमी केला, सोबत ही बेचैनी कमी करायला प्रोप्रॅनोलॉल नावाचं औषध दिलं, आणि तिला निवांत बसता यायला लागलं. हे ओळखलं नाही तर बेचैनी म्हणून डोस वाढतो आणि डोस वाढला म्हणून बेचैनी, असं चालूच राहतं.

मान वाकडी होणं, जबडा अडकणं, डोळे वर फिरणं यातलं काही दिसलं तर लगेच नर्सला हाक मारा, इंजेक्शनने ते पटकन सुटतं. ताप येऊन अंग ताठ झालं आणि मुलगा गोंधळल्यासारखा वाटला तर मात्र डॉक्टरांच्या राउंडची अजिबात वाट बघू नका.

वजन, कमरेचा घेर, बीपी, उपाशीपोटी शुगर आणि लिपिड (रक्तातली चरबी) सुरुवातीलाच मोजलेत का तेही विचारा, या वयात वजन फार भराभर वाढतं, ओलान्झपिन या अशाच दुसऱ्या गोळीवर तर जास्तच. रिस्पेरिडोनने प्रोलॅक्टिन हे हार्मोन वाढून मुलांचीही छाती वाढू शकते, लाजून सांगत नाहीत बिचारे, तुम्हीच हळूच विचारा.

आणि डॉक्टरांना सरळ विचारा, ही गोळी भास-संशयासाठी आहे, मेनियासाठी (म्हणजे मन अति चढतं, झोप लागत नाही त्यासाठी) आहे, की नुसतं शांत ठेवायला? पहिल्या दोन्हींसाठी ती बरेच महिने लागू शकते. पण वॉर्डात रात्री आरडाओरडा झाला म्हणून लावलेली जास्तीची गोळी कित्येकदा डिस्चार्जच्या कागदावर तशीच उतरते आणि घरी महिनोन्‌महिने चालू राहते. कुठली गोळी किती दिवस आणि ती कोण कमी करणार, हे घरी न्यायच्या आधी लिहूनच घ्या.