अडीच महिन्यांच्या बाळाचं आतडं ३५ सेंमीच उरलंय, शिरेतलं पोषण बंद होऊन पूर्ण दूध कधी सुरू होईल?

तारीख कुणीच देणार नाही, ताई. आमच्या पोराचं ४५ सेंटिमीटर उरलं होतं, तरी सात महिने लागले, तेही सगळे दवाखान्यात. लहान-मोठ्या आतड्यामधली झडप शाबूत आहे का, ते ऑपरेशनच्या कागदात बघा. नुसत्या सेंटिमीटरवर जीव टांगू नका.

मी लिहायला बसले ते तुमच्या शेवटच्या ओळीमुळं: ‘घरचे म्हणतात, वरचं दूध पाजून बघा.’

आमच्याकडं हे मामंजी म्हणायचे. टीपीएन, म्हणजे शिरेतून दिलं जाणारं पोषण, चालू, आणि नाकातल्या नळीतून माझं दूध तासाला ५ मिली. तेवढं थेंबथेंब दूधच आतड्याच्या अस्तराला वाढवतं, हे त्यांना पटेना. ‘पोर उपाशी मारताय व्हय?’ जन्म कोल्हापूरच्या गंगावेशीत, दूध कट्ट्याजवळ गेलेला माणूस. एका संध्याकाळी मी दूध काढायचा पंप धुवायला गेले, तेवढ्यात कट्ट्यावरनं किटलीत आणलेलं धारोष्ण म्हशीचं दूध अर्धी वाटी पाजून मोकळे!

दोन तासांत पोटावरची पिशवी (आतड्याचं तोंड पोटावर काढलेलं, तिथं लावलेली) फुगून कडेनं गळायला लागली. खालची कातडी लालबुंद. साखर तर आईच्या दुधातही असते, जास्तच असते. पण हे एकदम गेलं. न पचलेली साखर पाणी ओढत सुटते. त्यात कच्चं दूध, आणि छातीत सेंट्रल लाईन (टीपीएनसाठी मोठ्या शिरेत घातलेली नळी), म्हणजे जंतूंची भीती वेगळीच. सकाळी वजन १३० ग्रॅम कमी.

बाळाचं वजन वाढत नाही असं विचारलंय, तर लघवीतलं सोडियम तपासलंय का? पिशवीवाटे मीठ जातं, आणि मीठ कमी पडलं की उष्मांक पुरेसे असूनही वजन हलत नाही. आमचं मीठ सुरू केल्यावरच हललं. (प्रमाण डॉक्टरच ठरवणार, घरचं मीठ घालू नका.) डॉक्टर हो म्हणाले तर जिभेवर तुमच्या दुधाचे दोन थेंब रोज लावा, नाहीतर पुढं पोरं तोंडच उघडत नाहीत.

मी डॉक्टर नाही, प्रत्येकाचं आतडं वेगळं. पण लाईन असताना ताप आला तर क्रोसिनवर रात्र काढू नका, तडक डॉक्टर गाठा.

मामंजी अजून म्हणतात, ‘अर्ध्या वाटीनं काय होतंय!’ पिशवीची वही मी जपून ठेवलीय. एरवी दिवसाला ८० मिली. त्या दिवशी २१०.