जाळ कुठं, उकळी कुठं

कोल्हापूर

प्रिय बाळ,

सौरज्वालेत, म्हणजे सूर्यावर अचानक होणाऱ्या ऊर्जेच्या स्फोटात, सूर्याचं वातावरण कोटीभर अंशांपर्यंत तापतं कसं, हे तू विचारलंस. उत्तराआधी एक काम सांगतो. करवीर तालुक्यातल्या एखाद्या गुऱ्हाळावर जाऊन तासभर बस. आधी काहिलीकडं नको, चुलवाणाकडं बघ. चिपाडं आत पडतात कधी आणि रस चढतो कधी, ते घड्याळ लावून टिपून ठेव.

सूर्यावरही जाळ एकीकडं, उकळी दुसरीकडं. फक्त तिथं जाळ वरून येतो. किरीटात, म्हणजे सूर्याच्या वातावरणाच्या सगळ्यात बाहेरच्या थरात, चुंबकीय बलरेषा तुटून नव्यानं जोडल्या जातात. त्यात मोकळ्या झालेल्या ऊर्जेनं इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास वेग घेतात आणि बलरेषांच्या वाटेनं खाली सुटतात. किरीट इतका विरळ, की वाटेत त्यांना फारसं कुणी अडवत नाही. त्याच्या खालचा थर, वर्णगोल, मात्र दाट. तिथं धडकत धडकत ते सगळी ऊर्जा सांडतात. दहा हजार अंशांचा वायू बघता बघता कोटीवर जातो, फुगतो आणि सेकंदाला शेकडो किलोमीटर वेगानं उसळून वरच्या चुंबकीय कमानी भरून टाकतो. पुस्तकात याला 'बाष्पीभवन' म्हणतात. त्या शब्दानं फसू नकोस, इथं कशाची वाफ होत नाही. रस काहिलीच्या काठाला येतो, तसं हे चढणं.

धडकेच्या जागी कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेचे, क्ष-किरण निघतात, पण त्या इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेतला जेमतेम लाखावा हिस्सा त्यात असतो. बाकी सगळी उष्णता. म्हणजे आपण ठिणग्या मोजून जाळाचा अंदाज बांधतो. याचं भान सुटू देऊ नकोस.

भरलेल्या कमानी मृदू, म्हणजे कमी ऊर्जेचे, क्ष-किरण देतात. 1968 साली सौरशास्त्रज्ञ वर्नर नॉयपर्ट यांनी दाखवलं, की ज्वालेत त्याच वेगवान इलेक्ट्रॉनांमुळे निघणाऱ्या रेडिओ लहरींची त्या क्षणापर्यंतची बेरीज केली, की मृदू क्ष-किरणांचा चढ मिळतो. कठीण क्ष-किरणांनाही पुढं हेच लागू पडलं. रस किती तापला, हे आतापर्यंत घातलेल्या सगळ्या चिपाडांवर ठरतं ना? तसंच.

आता तुझं काम. आदित्य-एल1 या सूर्य न्याहाळणाऱ्या आपल्या यानावरचं 'हेलिओस' हे उपकरण कठीण क्ष-किरण मोजतं, 'सोलेक्स' मृदू. इस्रोनं ही विदा, म्हणजे मोजमापांच्या नोंदी, सर्वांना खुली केली आहे. एकच ज्वाला निवड. मृदू आलेख दर सेकंदाला किती चढतो ते काढ आणि कठीण आलेखाशेजारी ठेव. काही ठिकाणी जुळणार नाही. तिथं वरून झिरपणारी उष्णताही तापवत असेल, सगळं श्रेय कणांना देऊन मोकळं होऊ नकोस.

पहिला आलेख कागदावर, हातानं काढून पाठव. न जुळलेला भाग पुसू नकोस, मला तोच आधी बघायचा आहे.

तुझा,
सर