छोट्या ट्रेलरने कॅम्पिंगला जाताना स्वयंपाकाची सोय आत करावी की बाहेर? बर्नर एक की दोन? फ्रिज की आइसबॉक्स?

बाहेर. यात दुमत असायचं कारणच नाही, पण आमच्या घरात आहे.

गाडीमागे ओढायचा आमचा ट्रेलर धाकट्या दिरांबरोबर भागीदारीत घेतलेला. आत दोघांपुरती गादी, उभं राहिलं की डोकं छताला. तरी भावजींनी हट्टाने गादीच्या पायथ्याशी ओटा बसवून घेतला. "वहिनी, पाऊस आला तर बाहेर छत्री धरून कांदा परतणार का?"

पाऊस आला. भावजींनी ऐटीत आत भात चढवला, शेजारी कांदा, आणि गारठा म्हणून खिडक्या बंद. भात शिजत येईस्तोवर काचांवरून ओघळ सुटले. छताच्या प्रत्येक स्क्रूच्या डोक्यावर एकेक थेंब लोंबायला लागला आणि टपकन उशीवर. भावजी म्हणे छत गळतंय! शेगडीतला गॅस, म्हणजे प्रोपेन, एक किलो जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, भाताची वाफ वेगळीच. ती जाणार कुठे? तेवढ्यात कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म कोकलायला लागला, तर या गृहस्थांनी त्याची बॅटरीच काढली. "कांद्याच्या धुराने वाजतोय." कांद्याच्या! त्या वायूला ना वास ना रंग. डोकं जड होतं, माणूस दमलोय समजून आडवा होतो आणि पुन्हा उठत नाही. मी बर्नर बंद केला, दार सताड उघडलं, सगळ्यांना पावसात बाहेर काढलं. उरलेला भात ट्रेलरचं मागचं झाकण वर करून त्याच्या आडोशाला शिजवला. छत्री लागली नाही. आजही विषय निघाला की भावजींचं एकच, "तेवढ्याने काय झालं असतं?"

तर किचन मागच्या झाकणाखाली. शेगडी मात्र बाहेर ओढता येईल अशा फळीवर ठेवा, नाहीतर झाकणालाच आच लागते. वाऱ्याला आडोसा करा, पण बर्नर थेट गॅसच्या डब्यावर बसणारा असेल तर चहूबाजूंनी झाकू नका. डबा तापून फुटू शकतो. गारठ्याच्या जागी नुसत्या ब्युटेनचा डबा नेऊ नका. शून्य अंशाच्या आसपास त्याचा गॅसच होत नाही आणि सकाळी चहावाचून बसावं लागतं. प्रोपेनला ती अडचण नाही.

भावजींचा एक मुद्दा खरा आहे, मागे किचन म्हणजे मागे वजन. पुढे गाडीशी असलेल्या जोडणीवर ट्रेलरच्या एकूण वजनाच्या दहाएक टक्के भार नसेल तर ट्रेलर वेगात डुलायला लागतो. म्हणून वीस लिटरचा पाण्याचा कॅन प्रवासात पुढे ठेवायचा आणि पोचल्यावर मागे न्यायचा. एवढ्यासाठी आत ओटा?

बर्नर एकच पुरे. छोट्या शेगडीवर दोन मोठी भांडी शेजारी बसतच नाहीत. त्यापेक्षा छोटा कुकर घ्या. ३००० मीटर उंचीवर पाणी साधारण ९० अंशांनाच उकळतं, कडधान्य उघड्या भांड्यात शिजता शिजत नाही. फ्रिजचं तुमच्या बॅटरीवर आहे आणि ती केवढी ते मला माहीत नाही, म्हणून आइसबॉक्स. बर्फाचा चुरा नको, लादी घ्या, आणि पिण्याच्या बाटल्या वेगळ्या डब्यात ठेवा, कारण तोच सारखा उघडला जातो.

मोठी कॅरॅव्हॅन असेल, छताला एक्झॉस्ट पंखा असेल तर खुशाल आत करा, खिडकी उघडी ठेवून. कॅम्पसाइटवर प्लग मिळत असेल तर आत इंडक्शनही चालेल, फक्त वाफ सोसा. तंबूची पडवी मात्र 'बाहेर'मध्ये धरू नका. पडदे लावले की तीही खोलीच. आणि विझत आलेली कोळशाची शेगडी ऊब म्हणून आत घ्यायची नाही, भावजींनी कितीही सांगितलं तरी. ती गॅसपेक्षा कितीतरी जास्त कार्बन मोनॉक्साइड सोडते.