स्थानिक कलाकारांचा कला-महोत्सव पहिल्यांदाच भरवतोय. कलाकार कसे निवडावेत? गर्दीसाठी एखादं मोठं नाव आणावं का?

मोठं नाव आणू नका. निदान पहिल्या वर्षी तरी नकोच. पोळल्यावर सांगतोय.

आम्ही पहिल्या महोत्सवात बाहेरचा एक नावाजलेला गायक शेवटी ठेवला होता. त्याची वाद्यं, त्याचे माईक, त्याचा साउंड चेक म्हणजे आवाजाची आधी करायची चाचणी, यात दीड तास गेला. मग तो वेळ कापायचा कुणाच्या वाट्यातून? ज्यांच्या नावाने महोत्सव भरवला होता त्यांच्याच. बारा मिनिटांचं एकपात्री करणाऱ्या बाईंना विंगेतून "पाचात आटपा" अशी खूण मीच केली. त्या पुढच्या वर्षी आल्या नाहीत. कारण मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. गर्दी झाली होती हे खरं, पण ती गायकाची होती. पुढच्या वर्षी गायक नव्हता तेव्हा तीही नव्हती.

आता निवड. स्कॉटलंडमधल्या एडिंबरात 1947 साली मोठा महोत्सव भरला, तेव्हा आमंत्रण नसलेल्या आठ नाटक मंडळी तिथे जाऊन थडकल्या आणि मिळेल त्या जागी त्यांनी प्रयोग लावले. आजचा एडिंबरा फ्रिंज हा महोत्सव त्यातूनच उभा राहिला. तिथे अजूनही कोणी काय सादर करावं हे ठरवणारी निवड समिती नाही. जागा मिळवा, नोंदणी करा, या. तुमच्याकडे मंच एकच असणार, त्यामुळे हे जसंच्या तसं जमायचं नाही. कॅनडातल्या फ्रिंज महोत्सवांची पद्धत तुम्हाला जास्त जवळची वाटेल. तिथे जागेपेक्षा अर्ज जास्त आले की सरळ सोडत काढतात.

आम्हीही तिसऱ्या वर्षापासून चिठ्ठ्याच टाकतो. फक्त गाणं, नाच, नाट्य, वादन यांचे डबे वेगळे, नाहीतर बारापैकी नऊ नाचच निघायचे. ऑडिशन घ्यायचीच असेल तर ज्यांची मुलं, भाचरं, शिष्य अर्जदार आहेत त्यांना परीक्षक म्हणून बसवू नका. असं कोणी उरतच नाही म्हणा! म्हणून तर चिठ्ठ्या.

पण तुम्ही जे विचारलं नाहीत ते जास्त महत्त्वाचं आहे, आणि ते म्हणजे वेळापत्रक. बारा कार्यक्रम, प्रत्येकी 15 मिनिटं, म्हणजे तीन तास, असा हिशोब सगळे मांडतात. दोन कार्यक्रमांमधली मांडामांड त्यात कोणी धरत नाही. आधीच्याचं सामान उतरवणं, पुढच्याचं चढवणं, माईक हलवणं याला 7 मिनिटं लागतातच. अशा अकरा मधल्या वेळा, म्हणजे 77 मिनिटं. तुमचा तीन तासांचा कार्यक्रम सव्वाचार तासांचा झाला, तोही भाषणं न धरता. भाषणं नकोतच. अगदीच टळत नसतील तर मांडामांड चालू असताना पडद्यापुढे उरकून घ्या. वक्त्यालाही मागच्या खडखडाटामुळे आवरतं घ्यावं लागतं, हा अनुभव आहे.

साउंड चेक उलट्या क्रमाने घ्या, शेवटचा कलाकार आधी आणि पहिला सगळ्यात शेवटी. म्हणजे पडदा उघडताना पहिल्याची मांडणी जागच्या जागी असते. आणि वेळ कमी पडला तर साउंड चेक मुरलेल्याचा कापा, हौशी माणसाचा नको. मुरलेला गायक वाईट माईकवरही निभावून नेतो. पहिल्यांदा मंचावर उभी राहणारी मुलगी स्वतःचाच आवाज मॉनिटरमधून, म्हणजे कलाकाराकडे तोंड केलेल्या मंचावरच्या स्पीकरमधून, ऐकून दचकते. मुलांच्या समूहगायनाला आठ माईक लावायचा आग्रह पालक धरतील, तिकडे दुर्लक्ष करा. सुरू माईकांची संख्या दुप्पट केली की स्पीकरमधून शिट्टी वाजायच्या आधी आवाज वाढवायला जी जागा असते ती 3 डेसिबलनी कमी होते. उलट मूल आणि माईक यांच्यातलं अंतर निम्मं केलं तर आवाज 6 डेसिबलनी जास्त मिळतो. दोन माईक, मुलं जवळ जवळ उभी, बस्स.

उघड्यावर कार्यक्रम असेल तर चर्मवाद्यवाल्यांना पाच मिनिटं जास्तीची द्या. दमट हवेत कातडं सैल पडतं आणि दुपारी लावलेला सूर रात्रीपर्यंत उतरलेला असतो. त्यांना घाई केली तर बेसूर वाजतं आणि बोल त्यांनाच लागतो.

क्रम लावताना लहान मुलांचे सगळे कार्यक्रम सुरुवातीला ठेवायची चूक करू नका. ते झाले की पालक मुलांना घेऊन निघतात आणि चौथ्या कलाकाराला रिकाम्या खुर्च्या उरतात. दुसरा आणि पाचवा, असे विखरा. फार उशिराही नको, पेंगतात.

चित्रकारांना बहुतेक ठिकाणी उरलेली भिंत मिळते, स्वच्छतागृहाकडे जाणारी. तसं नको. चित्राचा मध्य जमिनीपासून साधारण 145 ते 150 सेंटिमीटरवर येईल असं टांगा, आणि जलरंगांवर ऊन येऊ देऊ नका. रंग उडतो, आणि एकदा उडाला की परत येत नाही.

पैशांचं अवघड आहे, पण बोलतोच. मांडववाल्याला पैसे, साउंडवाल्याला पैसे आणि कलाकाराला "तुम्हाला व्यासपीठ मिळतंय की" हे ऐकायला विचित्र वाटत नाही का? थोडे का होईना, द्या. मोठ्या नावाचं मानधन वाचलंय, त्यातच भागेल. चित्रफीत इंटरनेटवर टाकायच्या आधी कलाकाराला विचारा. तयार गाणी वाजवणार असाल तर त्याचा परवाना लागतो का तेही आधीच बघून ठेवा.

शेवटचं, आणि हे फुकट आहे. एका कळसूत्री बाहुल्यांवाल्याचं नाव आमच्या निवेदकाने दोन वेगवेगळ्या पद्धतीने चुकवलं, आणि तो पडद्यामागून दोन्ही वेळा दुरुस्त करत होता. लोक हसले, तो नाही हसला. तेव्हापासून अर्जासोबत प्रत्येकाकडून दहा सेकंदांची ध्वनिफीत मागवतो. स्वतःचं नाव स्वतः उच्चारायचं, आणि ओळख एका वाक्यात कशी करून द्यायची तेही सांगायचं. निवेदक या सगळ्या ध्वनिफिती आदल्या रात्री ऐकतो.