आधी पडायला शिकवतात का, ते बघा

प्रश्न : ताई, मी 36 वर्षांची, डोंबिवलीत राहते, बँकेत नोकरी. घराजवळ दोन क्लास आहेत. एक कराटेचा : एसी हॉल, आरसे, भिंतभर ट्रॉफ्या, बाहेर बोर्ड ‘दीड वर्षात ब्लॅक बेल्ट’, वर्षाची फी एकदम भरली तर सूट. दुसरा ज्युदोचा : शाळेच्या हॉलमध्ये, मॅट जुन्या, सर फारसं बोलत नाहीत, फी महिन्याच्या महिन्याला. कुठला लावू? आणि या वयात हाडंबिडं मोडणार नाहीत ना?

उत्तर : हाडांपासूनच सुरुवात करते, कारण माझं मोडलंय. 1983 साल, मी एकोणीस वर्षांची. ज्या ज्युदो क्लासला जायचे त्याचं नाव सांगत नाही, तो बंद पडूनही जमाना झाला. तिसऱ्याच दिवशी तिथल्या सरांनी मला एका दणकट मुलीसमोर उभं केलं. ‘घाबरतेस काय, धर तिला!’ मी धरलं. पुढच्या क्षणी मी हवेत, आणि पडताना कुणीही करेल तेच केलं, हात ताठ करून खाली टेकवला. कॉलरबोन गेलं. दीड महिना हात गळ्यात. आईनं पांढरा गणवेश पोछ्याला काढला.

दोन वर्षांनी दुसऱ्या एका सरांकडे गेले. त्यांनी पहिले कित्येक आठवडे मला कुणाला हातसुद्धा लावू दिला नाही. नुसतं पडायचं. आधी बसून मागे, मग उकिडवं, मग उभं राहून. हनुवटी छातीला, नजर स्वतःच्या बेल्टच्या गाठीवर म्हणजे डोकं आपटत नाही. आणि पाठ टेकते त्याच क्षणी पंजापासून कोपरापर्यंतचा हात मॅटवर सपकन मारायचा, अंगापासून थोडा लांब. आपटी एका सांध्यावर न येता पसरते. जपानीत याला उकेमी म्हणतात. कंटाळा यायचा, खोटं कशाला बोलू. पण मागच्या पावसाळ्यात दादरला ओल्या फरशीवर पाय सटकला तेव्हा एकसष्टाव्या वर्षी हात आपोआप सपकन आपटला. आजूबाजूची चार माणसं दचकली, मला फक्त साडी धुवावी लागली.

तेव्हा दोन्हीकडे जा आणि एकेक तास बाकावर गप्प बसा. ट्रॉफ्या बघू नका, सर किती उंच लाथ मारतात तेही नको. वर्गातला सगळ्यात नवा आणि सगळ्यात कच्चा माणूस शोधा आणि तासभर त्याच्यावरच नजर ठेवा. त्याच्याशी कोण सराव करतंय? जुना विद्यार्थी त्याला टाकताना बाही धरून ठेवतो की सोडून देतो? ज्युदोत गळा आवळला किंवा कोपर पिळलं की मॅटवर किंवा जोडीदाराच्या अंगावर दोनदा थापटायचं, म्हणजे ‘सोड’. थापटल्याबरोबर पकड सुटते का? थापटणाऱ्याला कुणी हसतं का? हसू आलं आणि सर काही बोलले नाहीत, तर चप्पल घाला आणि निघा.

ब्लॅक बेल्टच्या बोर्डाबद्दल. जिगोरो कानो यांनी 1882 मध्ये टोकियोत ज्युदोची शाळा काढली, पुढच्याच वर्षी ‘दान’ची, म्हणजे ब्लॅक बेल्टच्या पायऱ्यांची, पद्धत आणली, कराटेनं ती नंतर उचलली. पहिल्या दानला ‘शोदान’ म्हणतात, म्हणजे सुरुवातीची पायरी. जपानात हायस्कुलातली पोरंसुद्धा तो मिळवतात. त्यामुळे दीड वर्ष हा आकडा मला खटकत नाही. खटकतं ते हे, की तुम्हाला एकदाही न पाहता तारीख ठरलीय. विचारून घ्या : बेल्टच्या प्रत्येक परीक्षेची फी वेगळी आहे का, परीक्षा किती, कुणी नापास होतं का? शेवटच्या प्रश्नावर सर अडखळले तर समजा.

मी ज्युदोवाली, माझा कल तुम्हाला दिसतोच आहे, म्हणून कराटेची बाजूही सांगते. गुडघे कुरकुरत असतील, कुणी अंगाला झोंबलेलं आवडत नसेल, तर चांगल्या कराटे क्लासमध्ये तुम्ही जास्त रमाल. फक्त शैली कोणती ते विचारा. शोतोकानच्या सरावात ठोसा अंगाशी येऊन आवरतात. क्योकुशिन असेल तर मार खराखुरा बसतो. एसी असला म्हणून क्लास वाईट नसतो, आणि जुन्या मॅटचंही फार कौतुक नको. मॅटच्या जोडांवरून हात फिरवा. फटीत पायाचं बोट अडकत असेल तर तेवढ्यावरून नाही म्हणा.

जिथं जाल तिथं एकाच महिन्याचे पैसे भरा. सूट राहू दे. आणि नखं कापून जा, हातापायाची दोन्ही.

प्रश्न : मुलगा 9 वर्षांचा. ज्युदो क्लासचे सर म्हणतात, स्पर्धेआधी दोन किलो उतरवा, खालच्या गटात मेडल नक्की. रात्रीचं जेवण बंद करू का? (एक वडील, सांगली)

उत्तर : अजिबात नाही. ज्युदो जिथं जन्मला त्या जपाननं 2022 मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय स्पर्धाच बंद केली. पोरांना उपाशी ठेवून वजन उतरवायचं, पालकांनी पंचांवर ओरडायचं, हे सगळं तिथंही झालं होतं. आज रात्री त्याला पोटभर भाकरी वाढा. सरांना सांगा, तो आहे त्या वजनात खेळेल. सर ऐकत नसतील तर या स्पर्धेला नाव देऊ नका, आणि वरचं उत्तर वाचून दुसरा क्लास शोधायला लागा.