बाजारात न आलेल्या गेमिंग मशीनचा सुगावा कस्टम्सच्या नोंदींतून कसा लागतो?

तुम्ही विचारलंय की निन्टेंडो स्विच 2 ची रॅम कंपनीने सांगायच्या आधीच लोकांना कशी कळली, आणि गावात बसून आपल्यालाही असं काही शोधता येईल का.

येतं. पण कागद वाचायची खोड लागते. मी वणीकडच्या एका जिनिंगमध्ये गठाणींची बिलं, बिल्ट्या आणि ई-वे बिलं बनवतो, रात्री गेम खेळतो, म्हणून हा नाद लागला. आमचे काट्यावरचे काका म्हणतात, "कागदावर काय लिवलं थे नोको पाहू, काट्यावर काय आलं थे पाय." इथेही तसंच आहे. कस्टम्सच्या नोंदीत मालाचं वर्णन लिहिणारा माझ्यासारखाच कारकून असतो. त्याला माल अडकू द्यायचा नसतो, तुम्हाला बातमी द्यायची नसते. त्यामुळे वर्णनात नवीन कन्सोलचं, म्हणजे गेम खेळायच्या मशीनचं, नाव शोधत बसलात तर हाती काही लागत नाही.

स्विच 2 चंच बघा. 2024 मध्ये लोकांनी व्हिएतनामच्या आयात नोंदी चाळल्या. तिथे मशीनचं नाव नव्हतं, सुटे भाग होते: 6 जीबीच्या दोन एलपीडीडीआर5एक्स (रॅमचा एक प्रकार) मेमरी चिप, 256 जीबीचं यूएफएस (गेम साठवायच्या चिपचा प्रकार) स्टोरेज. दोन मेमरी चिपांची बेरीज केली की रॅम 12 जीबी. 5 जून 2025 ला मशीन आलं ते 12 आणि 256 घेऊनच. खरी मेहनत बेरजेत नाही, कोण कोणासाठी जुळणी करतं हे माहीत असण्यात आहे. होसिडेन ही जपानी कंपनी निन्टेंडोची मशीनं जोडते आणि तिचा कारखाना व्हिएतनाममध्ये आहे, हे ठाऊक नसेल तर अशी ओळ डोळ्यासमोर येऊनही निसटते.

आपल्याकडेही हा खेळ रंगला होता. एएमडी या चिप बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनिअर हैदराबाद-बंगळुरूला बसतात, त्यामुळे बाजारात न आलेली ग्राफिक्स कार्डं चाचणीसाठी तिकडे यायची आणि झौबा नावाच्या साइटवर त्यांच्या नोंदी दिसायच्या. वर्णन काय, तर 'प्रिंटेड सर्किट बोर्ड असेंब्ली' आणि पुढे एक पार्ट नंबर. नग दोन-चार, पण एका नगाची किंमत दुकानातल्या कार्डापेक्षा भलतीच जास्त. नग कमी आणि भाव चढा दिसला की तो नमुना समजायचा.

मी स्वतः एकदा चांगलाच तोंडघशी पडलोय. 9504 50 हा कस्टम्समध्ये व्हिडिओ गेम कन्सोलचा कोड. त्यात पाच हजार नग दिसले, कंपनी अनोळखी. मी मित्रांना छातीठोकपणे सांगितलं, नवीन हँडहेल्ड (हातात धरून खेळायचं मशीन) येतोय! मग किमतीला नगांनी भागलं. एक नग तीनशे रुपयांच्या आसपास. जत्रेत मिळतो तो प्लास्टिकचा डबा, बाप्पा! अजूनही चहाच्या टपरीवर तो विषय निघतो.

अमेरिकेत जहाजाने येणाऱ्या मालाच्या नोंदी बघायला मिळतात, विमानाने येणाऱ्याच्या नाही. नमुने बहुतेक विमानानेच येतात, म्हणून तिथे मोठा साठा उतरायला लागला की मगच चाहूल लागते. शिवाय कंपनीने अर्ज केला तर तिचं नावही झाकलं जातं.

एक मात्र ध्यानात ठेवा. 2022 मध्ये आपल्या सीमाशुल्क कायद्यात कलम 135एए आलं. भारतातल्या आयात-निर्यातीच्या मालाची किंमत, वर्गीकरण, प्रमाण किंवा आयातदाराचे तपशील छापले, तर 6 महिन्यांपर्यंत कैद किंवा 50,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. म्हणून भारतातली अशी नोंद कुणी पाठवली तर तिचा स्क्रीनशॉट ग्रुपवर टाकायच्या भानगडीत पडू नका.

सुरुवातीला डेटा विकणाऱ्यांना पैसेही देऊ नका. आधी बाजारात आलेलं एखादं मशीन घ्या, त्याच्या उघडलेल्या बोर्डाचे फोटो बघा, चिपांवरचे नंबर वहीत उतरवा. जुन्या मशीनचे नंबर ओळखता आले की नव्या यादीत वेगळा नंबर कोणता, ते आपोआप खटकायला लागतं.