खुब्यातील कळ आणि एमआरआय

प्रश्न : माझ्या ३८ वर्षांच्या भावाला चालताना जांघेत कळ येते. एक्स-रे नॉर्मल असूनही डॉक्टरांनी एमआरआय सांगितला आहे. तो आवश्यक आहे का?

उत्तर : होय, टाळू नये. मांडीच्या हाडाच्या गोल डोक्याचा रक्तपुरवठा खंडित होऊन तेथील हाड मृत होऊ लागले, तरी सुरुवातीस एक्स-रेमध्ये काहीच दिसत नाही; एमआरआयमध्ये मात्र ते लवकर कळते. दीर्घकाळ घेतलेली स्टेरॉइड्स, अतिमद्यपान, जुना अस्थिभंग आणि विदर्भात आढळणारा सिकलसेल आजार (तांबड्या रक्तपेशी कोयत्याच्या आकाराच्या होण्याचा आनुवंशिक विकार) ही त्याची प्रमुख कारणे होत (ताकदीच्या पुड्यांत स्टेरॉइड्स मिसळलेली असू शकतात, म्हणून त्या घेतल्या असल्यास तेही डॉक्टरांना सांगावे). डोक्याचा गोलावा शाबूत असेल, तर हाडाला छिद्र पाडून आतील दाब कमी करणारी शस्त्रक्रिया मूळ सांधा वाचवू शकते. तो खचल्यावर मात्र बहुधा सांधेबदलच करावा लागतो.